सिंधुदुर्गात माणसं नक्की राहतात कुठे?

वऱ्हाडी_ओरोसात | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मी मूळचा यवतमाळचा. बँकेत आहे, आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन ओरोसला आलो. तक्रार अजिबात नाही, जागा झकास आहे. पण एक कोडं सुटत नाही, म्हणून धागा काढतोय.

२०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा. ८ लाख ४९ हजार ६५१. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला १६३ माणसं. आमच्या यवतमाळात २०४. फरक आहे, पण काही जमीन-अस्मानाचा नाही. तरी तिकडे कुठल्याही रस्त्यानं जा, दहा मिनिटांत गाव येतं. पाराखाली माणसं, पानठेला, कोणी तरी गाडी थांबवून "कुठले हो?" विचारणारच. इथे कर्ज वसुलीला निघालो की तासभर फिरतो आणि गाव काही येत नाही. नुसती झाडं, मग एक पाटी, मग पुन्हा झाडं. एकदा मी दुकानदाराला विचारलं, "गाव कुठे आहे?" तो म्हणाला, "तुमी गावातच आसात."

बरं, गणपतीत बघतो तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा सामसूम. तर इथे खरंच किती माणसं राहतात, आणि दिसत का नाहीत?

कुळथाची_पिठी | सोमवार, रात्री ९:५२

दिसत नाहीत कारण दुपारी १ ते ४ झोपलेली असतात. (दिवा घ्या, गंमत करतोय.)

गजालीचो_कट्टो | सोमवार, रात्री ९:५८

साहेब, वसुलीक इलात तर दिसतली कशी? बँकेची गाडी वळणार दिसली की अख्खी वाडी काजीत जाता.

चिरेबंदी | सोमवार, रात्री १०:३०

पिठी आणि गजाली, हसून झालं असेल तर सरळ उत्तर देतो.

वऱ्हाडी, तुमच्याकडे गावठाण असतं. घरं एकमेकांना चिकटून, भोवती शेतं. आमच्याकडे गाव म्हणजे पाच, दहा, कधी वीस वाड्या, आणि प्रत्येक वाडी आपापल्या ओहोळाकाठी. वरवाडी, खालचीवाडी, गावडेवाडी, तेलीवाडी. दोन वाड्यांमध्ये डोंगर असला तरी गाव एकच.

याचं कारण जमिनीत आहे. समुद्राकडून सह्याद्रीकडे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. त्यात आधी किनारा आणि खाड्या, मग जांभ्याचे सपाट सडे, मग पूर्वेला डोंगरउताराची वलाटी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आंबोलीला तर सात हजारांच्या घरात. पण सड्यावर पडलेलं पाणी सड्यावर थांबत नाही. जांभा चाळणीसारखा, सगळं खाली झिरपतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतं. मग माणूस घर कुठे बांधणार? पायथ्याशी. रस्ते मात्र सोयीसाठी सड्यावरून काढलेले. तुम्ही वरून गाडीनं जाता आणि माणसं तुमच्या खाली शंभर फुटांवर माडा-फणसांत राहतात.

पुढच्या वेळी सड्याच्या कडेला गाडी थांबवा आणि संध्याकाळी साडेसहाला खाली बघा. चुलीचा धूर दिसेल. तेच गाव.

वऱ्हाडी_ओरोसात | सोमवार, रात्री १०:४१

हे भारी आहे राजेहो. आठ महिने मी गावाच्या टेरेसवरून फिरत होतो म्हणा की.

सुरंगी | सोमवार, रात्री १०:५५

चिरेबंदी +१. भर म्हणून: देवगडचा सडा आज आंब्यानं हिरवा दिसतो तो निसर्गानं नाही, सुरुंगानं. कातळात खड्डे फोडून, बाहेरून माती आणून भरून कलमं लावली आहेत. आमच्या आजोबांच्या वेळी तिथे करवंदाशिवाय काही नव्हतं.

पेडण्यातलो | मंगळवार, सकाळी ७:२०

माणसं बघायची असतील तर सकाळी सातला बांद्याच्या पुढे पत्रादेवीला उभे राहा. दुचाक्यांची रांग बघा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची पोरं गोव्यात कामाला येतात आणि रात्री परत जातात. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आणखी वाढली. झोपतात सिंधुदुर्गात, जगतात गोव्यात. तुमच्या जनगणनेत तुमची, आमच्या ट्रॅफिकमध्ये आमची.

कुळथाची_पिठी | मंगळवार, सकाळी ७:४५

@पेडण्यातलो, आणि आजारी पडली की तुमच्या बांबोळीच्या इस्पितळात. त्याबद्दल मात्र खरंच आभार. माझ्या वडिलांची बायपास तिथेच झाली.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२:१०

धागाकर्त्यानं २०११ चा एकच आकडा दिलाय. खरी गंमत आधीच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर कळते.

१९९१ : ८ लाख ३२ हजार
२००१ : ८,६८,८२५
२०११ : ८,४९,६५१

म्हणजे दहा वर्षांत १९,१७४ माणसं कमी. राज्यात त्या दशकात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: सिंधुदुर्ग, रत्नागिरी (८१ हजारांनी) आणि मुंबई शहर (अडीच लाखांनी).

गजालीचो_कट्टो | मंगळवार, दुपारी १२:१८

म्हणजे कोकणी माणूस जंयसून गेलो थंयली कमी, आणि जंय गेलो थंयलीव कमी? मगे मेलो गेलो खंय?

दिवा_जंक्शन | मंगळवार, दुपारी १२:३१

हजर आहे. लालबागहून डोंबिवली, डोंबिवलीहून दिवा. पुढची पिढी बहुतेक आसनगाव.

घाटमाथ्यावरून | मंगळवार, दुपारी १:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आम्ही कोल्हापूरकर फोंडा घाट उतरून येतो तेव्हा पडीक जमीन बघून जीव तुटतो. इतकं पाणी, इतकी जमीन, आणि कुणगे ओसाड. आमच्याकडे अर्ध्या एकरासाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात. कष्ट नकोत, मुंबईची मनीऑर्डर बरी, हे कारण नाही का?

चिरेबंदी | मंगळवार, दुपारी १:२२

घाटमाथ्यावरून, कोर्टात आम्हीही जातो. किंबहुना त्यासाठीच गावी येतो.

आळसाचं म्हणाल तर आमचा सातबारा दाखवतो. तीन एकर, त्यावर ४३ नावं. त्यातली ११ मयत, ६ जणांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही, एक आत्या बडोद्याला. मला त्यात काजू लावायचा तर ४२ जणांच्या सह्या आणा. कर्ज काढायचं तर वऱ्हाडींसारखे साहेब कागद बघून चहा पाजतात आणि परत पाठवतात. जमीन पडीक आहे कारण ती कोणा एकाची नाही.

वऱ्हाडी_ओरोसात | मंगळवार, दुपारी १:३०

चहा पाजतो हे कबूल.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ३:४०

आळशी-कष्टाळू वादात मुख्य गोष्ट राहून गेली. तीच सांगायला आलो होतो. १९,१७४ ची घट पुरुष-स्त्रिया अशी फोडून बघा.

पुरुष : ४,१७,८९० वरून ४,१७,३३२. कमी झाले ५५८.
स्त्रिया : ४,५०,९३५ वरून ४,३२,३१९. कमी झाल्या १८,६१६.

घटलेल्या दर शंभरात सत्त्याण्णव बायका आहेत.

२०११ लाही हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या (राज्यात ९२९), म्हणून सगळे "इथे बायका जास्त, वा वा" म्हणतात. पण २००१ ला त्या १०७९ होत्या. हा आकडा कधीच कौतुकाचा नव्हता. त्याचा अर्थ एवढाच की नवरा मुंबईत आणि बायको गावी. आता बायकोही गेली. तुम्ही विचारता माणसं कुठे गेली. पुरुष फार आधीच गेले होते, या दशकात बायका गेल्या.

सुरंगी | मंगळवार, दुपारी ३:५८

अंगावर आलं वाचून. कितीदा लेख वाचलेत "कोकणातून स्थलांतर", पण अशी फोड कोणी केलेली बघितली नव्हती.

दिवा_जंक्शन | मंगळवार, सायं. ५:१५

आमच्या घरातच हे घडलं.

माझे वडील १९७४ ला गिरणीत लागले. राहायला लालबागला गावाच्या मंडळाची खोली. दहा बाय बाराची असेल, पण नावावर वीसेक माणसं. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून भागायचं. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खुंटीखाली एक ट्रंक. जेवण खानावळीत. तिथे बायकोला आणणार कुठे? आई कणकवलीजवळ गावी, सासू-सासरे, दोन म्हशी, भात आणि आम्ही तीन भावंडं. बाबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. मला लहानपणी वाटायचं, बाबा म्हणजे एक प्रकारचा सणच.

८२ चा संप झाला, गिरणी गेली. बाबा गावी परतले आणि गावीच वारले. मी मात्र शिकून मुंबईला आलो, ठाण्याला नोकरी लागली आणि २००५ ला दिव्याला वन रूम किचन घेतलं. पहिल्या दिवसापासून बायको बरोबर. माझ्या आईनं इतकी वर्षं जे केलं ते माझी बायको एक दिवस करणार नव्हती, आणि मी तिला तसं सांगणारही नव्हतो. बाबा गेल्यावर आईलाही २००८ ला इकडे आणलं. घराला कुलूप.

म्हणजे २००१ च्या यादीत आमच्या घरातले चौघे गावी मोजले गेले होते. २०११ ला शून्य.

कुळथाची_पिठी | मंगळवार, सायं. ५:२०

"बाबा म्हणजे एक प्रकारचा सणच." आज विनोद सुचत नाहीये.

हापूस_सोडून_बोला | मंगळवार, सायं. ६:४०

आकडेमोड, गणित बरोबर पण निष्कर्षात थोडी घाई होतेय. दोन शंका.

एक: ज्या बायका "गेल्या" त्यातल्या किती वारल्या? २००१ ला वाड्या भरून सत्तर-ऐंशीच्या म्हाताऱ्या एकट्या राहत होत्या. त्या दशकात त्या गेल्या असणार आणि त्यांच्या जागी सून आली नाही. म्हणजे स्थलांतर आणि मृत्यू दोन्ही मिसळलंय.

दोन: पुरुष फक्त ५५८ नी घटले म्हणजे पुरुष टिकले असं नाही. मी देवगडचा. आमच्या बागांत नेपाळी कामगार असतात. पावसानंतर येतात, हंगाम संपला की जातात. चिरेखाणींवर कर्नाटकातले. हॉटेलांत, बांधकामावर उत्तरेकडचे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. तेव्हा आमच्या बागेतल्या खोपीत चार नेपाळी होते, आणि ते मोजले गेले, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे इथले पुरुष गेलेच, बाहेरच्यांनी आकडा भरून काढला.

आकडेमोड | मंगळवार, सायं. ६:५५

दोन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्यानं तर माझं म्हणणं वाढतंच, कमी होत नाही.

पेडण्यातलो | मंगळवार, सायं. ७:१०

दोडामार्गातले मल्याळी विसरू नका. रबर, अननस, केळी. डोंगरच्या डोंगर घेऊन बसलेत, आणि ते कुटुंबासकट राहतात.

गजालीचो_कट्टो | मंगळवार, सायं. ७:१४

आणि हत्ती. २००२ पासून तेव दोडामार्गात. तेंका परत जावचा नाय हा. कर्नाटकातसून इले आणि रवले. जिल्ह्यात स्वखुशीन स्थायिक झालेले तेवडेच.

घाटमाथ्यावरून | मंगळवार, रात्री ८:००

चिरेबंदी, दिवा_जंक्शन, आळस हा शब्द मागे घेतो. वैभववाडीत माझी बहीण दिली आहे, तिला विचारलं. म्हणाली, आमच्या वाडीत ३५ च्या पुढचे नऊ मुलगे बिनलग्नाचे आहेत. शेती आहे, घर आहे, एकाची तर जेसीबी आहे. पण मुली विचारतात, मुंबईला खोली आहे का.

सुरंगी | मंगळवार, रात्री ८:२५

मुलींची बाजू मांडते. मी मालवण तालुक्यातल्या खेडेगावात वाढले. विहिरीवरून पाणी, पावसात लावणी, दुपारी भारा, संध्याकाळी पुन्हा चूल. आई म्हणायची, "शिक, नायतर ह्यात अडाकतलंस." आम्ही शिकलो आणि अडकलो नाही. आता कोणी "मुली गाव सोडतात" म्हणून हळहळलं की मला विचारावंसं वाटतं, तुम्ही किती भारे वाहिलेत?

हापूस_सोडून_बोला | मंगळवार, रात्री ८:३१

सुरंगी, _/\_

भटका_पुणेरी | मंगळवार, रात्री ११:०५

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण नोव्हेंबरात सिंधुदुर्ग किल्ला बघायला येतोय. सिंधुदुर्ग स्टेशनचं तिकीट मिळालंय. स्टेशनवरून किल्ला चालत किती?

गजालीचो_कट्टो | मंगळवार, रात्री ११:०७

चल चल. नोव्हेंबरात निघालस तर डिसेंबरात पोचतलस.

चिरेबंदी | मंगळवार, रात्री ११:२०

गजाली, छळू नका त्यांना. भटका, सिंधुदुर्ग स्टेशन ओरोसला आहे, आपल्या धागाकर्त्याच्या बँकेजवळ. किल्ला मालवणला, तीसेक किलोमीटरवर, तोही समुद्रात कुरटे बेटावर. कुडाळ किंवा कणकवलीला उतरलात तर एसटी जास्त मिळतात.

हे विषयांतर नाहीच म्हणा. जिल्ह्यात समुद्रकाठचे तालुके तीन: देवगड, मालवण, वेंगुर्ला. किनारा १२१ किलोमीटर, आणि या तिन्ही तालुक्यांत कोकण रेल्वेचं एकही स्टेशन नाही. आजोबांच्या काळी उलटं होतं. मुंबईची बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला लागायची. बोटीतून होडीत उडी मारायची, साडी सावरत, ट्रंक डोक्यावर. तेव्हा बंदरं म्हणजे शहरं आणि कुडाळ-कणकवली म्हणजे आतली खेडी. बोट बंद झाली, हायवे आला, मग ९८ ला रेल्वे. जिल्ह्याचं तोंडच फिरलं. २०११ ला कुडाळ तालुक्यात १ लाख ५५ हजार, वेंगुर्ल्यात ८६ हजारही नाहीत. समुद्रकाठचा जिल्हा म्हणतो आपण, पण आता आम्ही समुद्राकडे पाठ करून राहतो.

देवबागचो | बुधवार, सकाळी ६:५०

पाठ करून तुम्ही राहता. आम्ही नाही.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये वाळूची पट्टी. आमच्या मागच्या दारातून खाडी दिसते आणि पुढच्या दारातून समुद्र. दर पावसाळ्यात समुद्र थोडी जागा खातो. मी लहान असताना वडिलांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला पन्नास माणसं लागायची. आज रापणीला माणसं मिळत नाहीत, पण स्कूबासाठी रांग आहे. माझा भाऊ मुंबईची नोकरी सोडून परत आला, होमस्टे चालवतो. वहिनी पण आली. आकडेमोड, तुमच्या १८,६१६ मधून एक वजा करा.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ७:०५

आनंदानं. १८,६१५.

निवृत्त_बाई | बुधवार, दुपारी ४:३०

धागा सगळा वाचला. उशिरा लिहिते आहे कारण टायपिंग हळू होतं.

मी प्राथमिक शिक्षिका होते, ३४ वर्षं. २००१ आणि २०११ दोन्ही वेळा प्रगणक म्हणून काम केलं, योगायोगानं त्याच गावात. कुठलं ते सांगत नाही. दारावर खडूनं नंबर घालायचे आणि घरात जाऊन फॉर्म भरायचा. फेब्रुवारीत काजूला मोहर असतो, त्याच्या वासात हिंडायचं. ऊन चढेपर्यंत पाच घरं होतात, कारण मध्ये घाटी चढ-उतार आणि प्रत्येक घरी पाणी आणि गूळ.

नियम असा की मोजणीच्या काळात जो तिथे राहतो त्याचंच नाव लिहायचं. मुंबईचा माणूस मुंबईत मोजला जातो. हे म्हाताऱ्यांना पटवणं सगळ्यात कठीण. एक आजी होती, मोठं चौसोपी घर, खळ्यात सारवण केलेलं, आणि राहणारी ती एकटी. म्हणाली, "बाये, चार झील माझे. चवगांची नावां लिव."

मी म्हटलं, "आये, ते हय रवतत?"

"रवनत नाय. पण घर तेंचा हा. गणपतीक येतत."

समजावून सांगितलं, सरकारचा नियम आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात एकच माणूस लिवतलंस? बरां दिसता ता?" आणि उठून आत गेली. मला वाटलं रागावली. ती पातेलीभर पेज घेऊन आली.

ते २००१. २०११ ला त्या घराला कुलूप होतं. फॉर्मवर लिहायला काहीच नव्हतं. हापूस_सोडून_बोला म्हणतात ते खरं आहे: १८,६१६ मधल्या काही बायका दिव्याला नाही गेल्या.

माझ्या शाळेचं सांगते. रुजू झाले तेव्हा पटावर ६२ मुलं. निवृत्त झाले तेव्हा ५, त्यातली २ चिरेखाणीवरच्या कामगारांची. घरी कन्नड बोलायची आणि शाळेत चोख मालवणी. स्नेहसंमेलनात पाचही जणांना काम होतं, प्रेक्षकांत मात्र मीच.

सुरंगी | बुधवार, दुपारी ४:४८

बाई, तुम्ही नवीन धागा काढून सगळं लिहा. प्लीज.

दिवा_जंक्शन | बुधवार, सायं. ५:०२

बाई, आमची आई पण असंच म्हणायची. रेशन कार्डावर नाव गावचंच ठेव म्हणून शेवटपर्यंत हट्ट.

कुळथाची_पिठी | बुधवार, सायं. ५:३०

बाई, एक बाळबोध प्रश्न. समजा मोजणी नेमकी गावपळणीत आली तर? आमच्या आचऱ्यात देवाचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी. प्रगणक आला तर गावाची लोकसंख्या शून्य.

निवृत्त_बाई | बुधवार, सायं. ५:४५

मोजणी वीस दिवस चालते, तीन दिवसांनी शून्य होत नाही. पण माझ्यासारखी हौशी बाई असती तर वेशीबाहेरच्या झोपड्यांत जाऊन मोजलं असतं. जेवण पण बरं मिळालं असतं.

भटका_पुणेरी | बुधवार, सायं. ६:१०

गावपळण म्हणजे काय? अख्खं गाव कशासाठी सोडतात? धागा काढा कोणीतरी! (कुडाळचं तिकीट काढलं. धन्यवाद चिरेबंदी.)

घाटमाथ्यावरून | बुधवार, सायं. ६:३०

भूगोलाचा धागा आहे तर माझी एक आवडती गोष्ट. तेरेखोल नदी म्हणजे महाराष्ट्र-गोव्याची हद्द, असं सगळे धरून चालतात. पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्या काठावर, उत्तरेला, आणि आहे गोव्याचा. गोवेकरांना स्वतःच्या किल्ल्यावर यायला केरीहून फेरीबोट घ्यावी लागते, नाहीतर वळसा घालून महाराष्ट्रातून. आणि दुसरी: आंबोलीला उगवणारी हिरण्यकेशी. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते, तिथून कृष्णा आणि थेट बंगालचा उपसागर. सिंधुदुर्गातली नदीसुद्धा जिल्हा सोडून लांब जाते.

गजालीचो_कट्टो | बुधवार, सायं. ६:३४

ती पण गणपतीक येता काय?

वऱ्हाडी_ओरोसात | बुधवार, रात्री ९:१५

दोन दिवस शाखेत वर्षअखेरीसारखी गर्दी होती, आत्ता सगळं वाचलं. काय काय लिहिलंय तुम्ही लोकांनी.

चिरेबंदींनी सांगितलं तसं काल संध्याकाळी सड्याच्या कडेला गाडी लावली. साडेसहाला धूर दिसला. मोजला. अकरा ठिकाणी. ज्या रस्त्यावरून मी आठ महिने जातोय त्याच्या खाली अकरा चुली होत्या.

आज आकडेमोडांच्या डोळ्यांनी शाखेतली रांग बघितली. पासबुक भरायच्या मशीनपुढे चौदा माणसं. नऊ बायका, आणि त्यातल्या साठीच्या आतल्या दोन. त्यातली एक आमचीच शिपाई बाई. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगतो जी जनगणनेत नाही. आमच्या शाखेत खाती इतकी आहेत की नवखा माणूस म्हणेल केवढं मोठं गाव असेल. केवायसीची पत्रं पाठवली की निम्मी खाती गप्प. मग गणपतीत पहिल्या दोन दिवसांत सगळे आधार कार्ड घेऊन दारात. मॅनेजर साहेब रजा कोणालाच देत नाहीत तेव्हा. गाव आहे तेवढंच आहे, खातं मात्र कोणी बंद करत नाही.

चिरेबंदी | बुधवार, रात्री ९:२८

आजीनं सांगितलेली चार नावं जनगणनेत नाहीत, पण तुमच्या लेजरमध्ये आहेत.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:४०

एक सूचना: इथले सगळे आकडे २०११ चे. २०२१ ची मोजणी करोनानं गेली, पुढची आता २०२७ ची, संदर्भ तारीख १ मार्च. करोनात परत आलेले किती टिकले, मोपामुळे बांदा पट्टा वाढला का, देवबागसारखी घरं पुन्हा किती उघडली, हे तेव्हाच कळेल. वऱ्हाडी, तुम्ही तेव्हा इथे असाल का?

वऱ्हाडी_ओरोसात | बुधवार, रात्री ९:४४

बदली तीन वर्षांची आहे, म्हणजे असेन. जिल्ह्यात एक वाढवा.

सुरंगी | बुधवार, रात्री ९:४७

पुरुष वाढवून काय उपयोग? तुटवडा कुठे आहे ते वाचलं ना वर? मिसेस कुठे असतात?

वऱ्हाडी_ओरोसात | बुधवार, रात्री ९:५३

यवतमाळला. मुलगी दुसरीत आहे, म्हणून ती तिकडे आणि मी इकडे. वर्षातून तीनदा जातो.

लिहिल्यावर लक्षात आलं काय लिहिलं ते.

दिवा_जंक्शन | बुधवार, रात्री ९:५५

सण आहात मग तुम्ही.

वऱ्हाडी_ओरोसात | बुधवार, रात्री १०:३२

आत्ता बायकोला धागा पाठवला. तिनं दोनच प्रश्न विचारले. ओरोस-कुडाळ भागात दुसरीसाठी शाळा कुठली चांगली, आणि विहिरीवरून पाणी आणावं लागतं का?

निवृत्त_बाई | बुधवार, रात्री १०:४०

नळ आहे म्हणावं. शाळेचं मी विचारून सांगते, उद्या सकाळी व्यनि (खासगी निरोप) करते.

गजालीचो_कट्टो | बुधवार, रात्री १०:४१

आकडेमोडानू, १८,६१५ मधसून आणखी दोन वजा करा. पण पेन्सिलीन.